डॉटनेट 3.5 वरून 4.8 वर गेल्यानंतर डिबगिंगच्या वेळी कोड का बदलता येत नाही?

सोलापुरातील चादर कारखान्याचा बिलिंग प्रोग्रॅम डॉटनेट (मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅमिंग व्यवस्था) 4.8 वर नेल्यापासून ब्रेकपॉइंटवर (प्रोग्रॅम मुद्दाम थांबवायला खूण केलेल्या ओळीवर) थांबून कोड बदलता येत नाही, असे आपण लिहिले आहे. 64-बिट हे त्याचे कारण नसावे. व्हिज्युअल स्टुडिओ 2013 आणि डॉटनेट 4.5.1 पासून 64-बिट प्रोग्रॅममध्येही 'एडिट अँड कंटिन्यू', म्हणजे थांबलेल्या प्रोग्रॅमचा कोड बदलून तो पुढे चालवण्याची सोय, चालते, त्यामुळे जुन्या सल्ल्यानुसार प्लॅटफॉर्म एक्स86 (32-बिट) करण्याची घाई करू नये.

माझा पहिला संशय 'ऑप्टिमाइझ कोड'वर, म्हणजे वेगासाठी कंपायलरला कोडची फेररचना करू देणाऱ्या पर्यायावर आहे; अशा कोडमध्ये ही सोय चालत नाही. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमधील बिल्ड पानावर डिबग कॉन्फिगरेशन निवडून ही खूण काढलेली आहे ना, ते पाहावे. सोल्यूशन डिबगवर दिसत असले तरी कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये एखादा प्रोजेक्ट, समजा जीएसटीची आकारणी करणारी लायब्ररी, रिलीजवर (ऑप्टिमाइझ होणाऱ्या अंतिम बिल्डवर) राहिलेला असू शकतो, आणि मग नेमका त्याच्याच फाइलमधील बदल नाकारला जातो. ही जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

नेटिव्ह कोड (डॉटनेटबाहेरचा, थेट मशीनवर चालणारा कोड) डिबगिंग सुरू असेल तर तेही बंद करावे. प्रोग्रॅम एफ5 ने सुरू करावा. आधीच चालू असलेल्या प्रोसेसला डिबगर जोडल्यास ही सोय सहसा मिळत नाही. त्यानंतर बिन आणि ओबीजे (बिल्डमधून तयार झालेल्या फाइलचे) फोल्डर पुसून रीबिल्ड करावे. तरीही अडल्यास बदल नाकारताना येणारा संदेश जसाच्या तसा कळवावा.