काकांचे जुने पासपोर्ट टाकू नका

वारलेल्या काकांचा पुण्यातला फ्लॅट वारसांच्या नावावर कसा करायचा, असं तुम्ही पोस्टमध्ये विचारलंय. काका टोरांटोचे, कॅनडाचे नागरिक. काकू आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. कोथरूडचा फ्लॅट काकांच्या नावावर, आणि मृत्यू दाखल्यावर नाव भलतंच. तुमची पोस्ट वाचताना पोटात गोळाच आला. माझ्या मामांचं अगदी हेच झालं होतं, फक्त ते न्यू जर्सीत होते.

मी वकील नाही, स्वतःच्या अनुभवावरून लिहितेय. अर्ज, जाहीरनामा, हरकतीसाठी महिनाभराची मुदत हे सगळं तुमचे वकील बघतील. फ्लॅटसाठी १८२७ च्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला मागा. भारतीय वारसा कायद्याच्या ३७२ कलमाखालचं सक्सेशन सर्टिफिकेट बँकेतल्या ठेवी, शेअर्स यांच्यापुरतं असतं. आणि तुमचे वडील व आत्या दोघंही हयात आहेत म्हणता, म्हणजे वारस ते दोघं, तुम्ही पुतणे नाही. अर्ज त्यांच्याच नावाने जाऊ दे.

आता नावाचं. मामांच्या इंडेक्स टू वर, म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, 'विश्वनाथ', पुढे वडिलांचं नाव, मग आडनाव. अमेरिकेच्या दाखल्यावर नुसतं 'विश', मधलं नाव गायब, आडनावही अर्धं. तिकडचं नागरिकत्व घेताना लोकांना उच्चारता यावं म्हणून त्यांनी ते छाटून घेतलं होतं.

त्यांचं घर आवरायला मला दहा दिवसांची रजा मिळाली होती. कपाटाच्या तळाच्या खणात रबरबँड लावलेले दोन निळे भारतीय पासपोर्ट होते, कोपरे कापलेले, रद्दचा शिक्का मारलेले. कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून मी ते श्रेडरमध्ये घातले. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव, पुण्याचा पत्ता, सगळं होतं. कोर्टात नेमकं तेच पान हवं होतं. आईने 'दोन्ही नावं एकाच माणसाची' असं प्रतिज्ञापत्र दिलं, तर न्यायाधीशांनी विचारलं, जिला फ्लॅट मिळणार तिच्या शब्दापलीकडे काही कागद आहे का? प्रश्न रास्तच होता.

तारखांवर तारखा गेल्या. शेवटी मावशीकडे मामींच्या सामानात मामींचा रद्द पासपोर्ट सापडला. त्यावर नवऱ्याचं पूर्ण नाव 'विश्वनाथ' आणि न्यू जर्सीचा पत्ता. तोच पत्ता मृत्यू दाखल्यावर. त्या एका पानाने काम झालं. तुम्हीही काकूंचे कागद आधी बघा.

दुसरा मनस्ताप एका कार्यालयाचा. 'मयत परदेशी नागरिक होते, तिकडच्या कोर्टाचा आदेश आणा' असं तोंडी सांगून परत पाठवायचे, लेखी काही द्यायचे नाहीत. सात महिने आम्ही अमेरिकेतला वकील शोधत बसलो. स्थावर मालमत्ता जिथे असते तिथलाच कायदा तिच्या वारशाला लागतो. पुण्यातल्या फ्लॅटचा वारस न्यू जर्सीचं कोर्ट ठरवू शकत नाही. आई आणि मावशी, सत्तरीच्या पुढच्या या दोन बहिणींना जिन्यात ताटकळत ठेवणाऱ्याला हे माहीत नसावं, याचा राग अजून जात नाही. माझं ठाम मत आहे, कोणी असं म्हणालं की अर्ज आवक करून पोच घ्या आणि नकार लेखी मागा.

मृत्यू दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं तिकडच्या सरकारचं प्रमाणपत्र, लागेल. कॅनडात ते ११ जानेवारी २०२४ पासून सुरू झालंय, ऑन्टारियोचा दाखला असेल तर ऑन्टारियो सरकारच करून देतं. आत्या कॅनडातच राहतात, तर त्यांचं कुलमुखत्यारपत्रही (पॉवर ऑफ अॅटर्नी) लागेल. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा असतो. आमचं पाकीट कपाटात पडून राहिलं आणि नव्याने करावं लागलं.

काकांचं भाड्याचं घर या महिनाअखेर रिकामं करायचंय असं तुम्ही लिहिलंय. आजच आत्यांना फोन करा आणि सांगा, कागदाचा एक कपटाही टाकू नका. जुने पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, नाव बदलल्याचे कागद, लग्नाची पत्रिकासुद्धा, सगळं एका पिशवीत भरून स्वतःच्या घरी नेऊन ठेवा.