वाचकांचे प्रश्न : एक गाणं, दोन गळे

प्रश्न : आमच्या साल्साच्या वर्गात 'एल कान्तान्ते' हे गाणं दोन आवाजांत लावतात. एक मार्क अँथनीचं, ते स्वच्छ ऐकू येतं आणि नाचायलाही बरं पडतं. दुसरं कुणा हेक्टर लावोचं, जुनं, दहा मिनिटांचं. ते लागलं की निम्मे जण पाणी प्यायला बाहेर जातात, आमचे सर मात्र डोळे मिटून उभे राहतात. यातलं खरं कोणतं? मार्क अँथनीने ते उचललं का? आणि शब्द कळत नाहीत, पण आनंदाचंच गाणं आहे ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्यात अडकलेलं आहे. नाही, हे आनंदाचं गाणं नाही. 'एल कान्तान्ते' म्हणजे 'गायक'. तुम्ही ज्याला ऐकायला आलात तो गायक मीच, असं तो सुरुवातीला सांगतो. लोक रस्त्यात थांबवतात, कौतुक करतात, पण मला काही दुखतंय का, मी रडतो का, हे कुणी विचारत नाही. आणि हे सगळं ट्रॉम्बोन, काँगा आणि व्हायोलिनांच्या थाटात. पाय नाचत असतात म्हणून शब्दांकडे लक्ष जात नाही, इतकंच.

उचलेगिरीचं म्हणाल, तर गाणं हेक्टरनेही रचलेलं नाही. ते रुबेन ब्लेड्सचं. हा पनामाचा तरुण न्यूयॉर्कला आला तेव्हा फानिया या रेकॉर्ड कंपनीत टपालाच्या खोलीत काम करत होता. 'एल कान्तान्ते' त्याला स्वतःला गायचं होतं. पण हेक्टरचा जुना जोडीदार विली कोलोन याने त्याला गळ घातली : हे हेक्टरला दे, त्याला आत्ता याची गरज आहे. व्यसन आणि नैराश्याने हेक्टर तेव्हा पार खचला होता. ब्लेड्सने गाणं दिलं. १९७८ साली कोलोनच्या निर्मितीत ते हेक्टरच्या 'कोमेदिया' या रेकॉर्डवर आलं, आणि पुढे लोक त्याला 'गायकांचा गायक' म्हणू लागले ते याच गाण्यामुळे. स्वतःसाठी लिहिलेलं असं गाणं दुसऱ्याच्या हाती देणं किती अवघड असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ब्लेड्सचं पुढे काही अडलं नाही. त्याच वर्षी कोलोनबरोबर त्याची 'सिएम्ब्रा' ही गाजलेली रेकॉर्ड आली. पण गाणं देताना हे त्याला कुठे ठाऊक होतं?

आता दहा मिनिटांबद्दल. आपल्याकडच्या भजनी मंडळात बसला असाल तर हे लगेच कळेल. आधी अभंगाचं कडवं, मग टाळकरी एकच ओळ धरून ठेवतात आणि प्रत्येक फेरीच्या मधल्या जागेत बुवा आपलं काहीतरी घालतात. साल्सातही तेच. पहिला भाग लिहिलेला असतो. मग 'मोन्तुनो' सुरू होतो. मागचे गायक एकच ओळ परत परत म्हणतात, तिला 'कोरो' म्हणतात, आणि मुख्य गायक मधे सुचेल तसं भरत जातो. ते 'सोनेओ'. ब्लेड्सने दिलेलं गाणं मोन्तुनोपाशी संपतं आणि तिथून पुढे हेक्टरचं सुरू होतं. त्याच्या शब्दांचा उच्चार लख्ख, आवाज जरा नाकातला, ताल सोडून मागे रेंगाळतो आणि नेमका वेळेवर येऊन पोचतो. मी स्वतः तबला शिकलोय. लयीशी असं खेळून अंगाला ताण न दिसू देणं किती कठीण, ते मला ठाऊक आहे. तुमचे नाशिककर मित्र पाणी प्यायला जातात ती हीच मिनिटं. कृपा करून एकदा थांबा.

मार्क अँथनी न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेमचा, प्यूर्टो रिकन आईवडिलांचा मुलगा. हेक्टर प्यूर्टो रिकोच्या पोन्से गावचा, सोळा-सतरा वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आलेला. मार्कची पहिली साल्सा रेकॉर्ड १९९३ सालची. त्याच वर्षी २९ जूनला हेक्टर गेला, एड्सने, वयाच्या ४६ व्या वर्षी. मी तेव्हा नोकरीनिमित्त न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात होतो. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात स्पॅनिश रेडिओ लावलेला असायचा. त्या दिवशी दुकानदाराने माझ्या दुधाचे पैसे मोजता मोजता हात थांबवला आणि गाण्यातली ओळ संपल्यावर मोजणी पुन्हा पहिल्यापासून केली. मी काही विचारलं नाही. नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या फोटोखाली वाचलं, आणि 'कोमेदिया' त्या शनिवारी विकत घेतली.

२००७ मध्ये हेक्टरच्या आयुष्यावरचा चित्रपट लागला. त्याचं नावही हेच. मार्क अँथनी हेक्टर झाला होता आणि गाणी त्याने स्वतः नव्याने ध्वनिमुद्रित केली. म्हणजे यात चोरी नाही, हे भूमिकेसाठी गायलेलं गाणं आहे. (गंमत म्हणजे ब्लेड्स त्या वेळी पनामाचा पर्यटनमंत्री होता.) विली कोलोनला चित्रपट रुचला नाही आणि त्याने ते उघड सांगितलं, हेक्टरची नशा दाखवली, हेक्टर राहून गेला, असं त्याचं म्हणणं. चित्रपटाबद्दल मी कोलोनच्या बाजूचा आहे. गाण्याबद्दल नाही. मार्कचा आवाज भरदार, ताकदीचा, तो वरच्या सुरात मोकळा सुटतो तेव्हा मला दर वेळी भरून येतं. पण दुःख कुठे आहे हे त्याला सुरुवातीपासून माहीत आहे आणि तो ते आपल्याला दाखवतो. हेक्टर ते दाखवत नाही. १९७८ मध्ये त्याच्या आयुष्यात अजून बरंच व्हायचं होतं : १९८७ ला मुलगा गेला, १९८८ ला सान हुआनच्या हॉटेलातून तो स्वतः खाली पडला. हे काही माहीत नसलेला माणूस गातोय.

तेव्हा खरं कोणतं, तर माझ्यासाठी जुनं. पण माझ्या भाचीने हेक्टरचं नाव मार्कच्या गाण्यावरून शोधलं, हेही खरं. तुमच्या सरांना त्यांनी पहिल्यांदा ते कुठे ऐकलं, ते विचाराच.

प्रश्न : साल्सात 'क्लावे' म्हणतात तो ताल टाळीने कसा धरायचा? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : एक ते सोळा सारख्या गतीने मोजा आणि १, ४, ७, ११, १३ यांवर टाळी द्या. पहिल्या आठात तीन, दुसऱ्या आठात दोन. उलटही चालतं, आधी दोन मग तीन. गाणं कुठल्या बाजूचं ते ऐकून ओळखायचं. सोळा आकडा पाहून त्रिताल समजू नका. इथे सम शोधायला गेलात की टाळी सुटते. माझी महिनाभर सुटत होती. सुरुवात पाय न हलवता, बसून करा.