तंजावरच्या भिंतीवरचं मराठी

प्रश्न : सुटीत आम्ही घरचे सहाजण तंजावरला निघालो आहोत. तिथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठी कोरलेलं आहे असं ऐकलं. म्हणजे ते देऊळ मराठ्यांनी बांधलं का? आणि शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, हे खरं का?
— एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : सावलीचं आधी सांगते. सावली पडते. उन्हं कलली की अंगणात चांगली लांब पडते. पाय पोळायला लागले तेव्हा मी स्वतः तिच्यात जाऊन उभी राहिले आहे. चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून पायमोजे जरूर न्या. मुलांचे तर नक्कीच.

देऊळ मराठ्यांचं नव्हे, चोळांचं. पहिल्या राजराजाने ते १०१० मध्ये पूर्ण केलं. गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे शिखर, साठ मीटरच्या आसपास उंच आहे. दाक्षिणात्य देवळांत पुढे गोपुरं उंच आणि आतला कळस ठेंगणा, असं आपण बघतो. इथे उलट आहे. सगळं काम ग्रॅनाइटचं, आणि भोवताली कावेरीच्या गाळाची सपाट भातशेती. दगड सगळा लांबून आणावा लागला.

तुम्ही ठाणेकर आहात म्हणून एक सुचवते. निघायच्या आधी एका रविवारी लोकल पकडून अंबरनाथचं शिवमंदिर बघून या. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला तिथला लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा आहे. दोन्ही देवळांत फक्त पन्नास वर्षांचं अंतर. तिकडे ग्रॅनाइट, इकडे आपला काळा पाषाण. तिकडे नजर वर वर जाते, इकडे गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. इतिहास शिकवत होते तेव्हा मी मुलांना अंबरनाथला नेत असे. तंजावर पाहिल्यावर वाटलं, ही जोडी लावून शिकवायला हवी होती.

आता भिंत. प्राकाराच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या आवाराच्या, नैऋत्य बाजूला भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. फार मोठा लेख आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. पुढे १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं घराणं होतं. लेख दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. लिहिणारे बाबूराय चिटणीस.

त्या सालाकडे नीट बघा. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता आणि राजांच्या हाती जेमतेम किल्ला उरला होता. इकडे १८०२ च्या शेवटच्या दिवशी, खाडीपलीकडे वसईत, दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला. महसूल गेला, फौज गेली, आणि हा राजा आपलं कूळ कोण, कुठून आलं, हे दगडात लिहून ठेवतो. आणि कुठे? जिथे राजराजाने आठशे वर्षांपूर्वी विमानाच्या पायथ्याशी आपलं दानपत्र कोरलं होतं त्या देवळात. त्या तमिळ लेखात राजा म्हणतो की आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं कोरून ठेवा. बहिणीचा उल्लेख राण्यांच्या आधी आहे. मला तो फार आवडतो.

मराठी लेख सलग वाचायचा हट्ट धरू नका. वळण जुनं आहे, मान अवघडते. मी नावं शोधत गेले. आधी नुसत्या रेघा दिसत होत्या. मग एका ठिकाणी ‘शाहाजी’ जुळलं आणि तिथून ओळ हळूहळू सुटायला लागली. माझी सून शेजारी उभी होती, तिने पुढचं नाव माझ्या आधी वाचलं. दगडाला बोट मात्र लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. आडव्या उन्हात, म्हणजे सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, अक्षरं जास्त उठून दिसतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक राव कुटुंब आहे. ते मूळचे तंजावरचे. घरात मराठी बोलतात म्हणे, पण आम्हाला निम्मं कळत नाही. ही मराठी खरी का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : खरी, आणि आपल्यापेक्षा काही बाबतींत जुनीही. साडेतीनशे वर्षं ही माणसं तमिळांच्या मधोमध राहिली, तरी घरात मराठी ठेवली. शाळा नाही, वर्तमानपत्र नाही, तरी ठेवली. ‘निम्मं कळत नाही’ असं त्यांच्या तोंडावर म्हणू नका, एवढी विनंती. आमच्या नौपाड्याच्या इमारतीत अशाच एक आजी होत्या. कोणीतरी त्यांच्या बोलण्याला हसलं, तेव्हापासून त्या आमच्याशी हिंदीत बोलायला लागल्या. पुन्हा मराठीवर यायला त्यांना वर्ष लागलं.

त्या परत बोलायला लागल्या त्या डांगरामुळे. मी उडीद भाजत होते, वास जिन्यात गेला, आणि आजी दारात येऊन म्हणाल्या, “डांगर?” आपण दह्यात कालवतो तेच उडदाचं पीठ त्यांच्याकडेही असतं. नाव डांगर पच्चडी. वरून मोहरी, हिंग, मिरचीची फोडणी. रावांच्या घरी चौकशी करून बघा.

आणखी एक विचारा, घरात कोणी कीर्तन करत होतं का. मराठी कीर्तनकार तंजावरला गेले आणि त्यांच्या पद्धतीतून तिकडची हरिकथा घडत गेली. कथा तमिळमध्ये चालू असते आणि मध्येच आपले मराठी पद्यप्रकार येतात: साकी येते, दिंडी येते, ओवी येते, अभंगही येतो. नावंही तीच. तंजावर कृष्ण भागवतरांनी ही शैली नावारूपाला आणली.

प्रश्न : माझी मुलगी कोपरखैरण्यात भरतनाट्यम् शिकते. तिला तंजावरमध्ये काय दाखवू?
— एक आई, नवी मुंबई

उत्तर : विमानाच्या आत, वरच्या मजल्यावरच्या मार्गात शिवाची करणं, म्हणजे नाचातल्या हातापायांच्या ठरलेल्या हालचाली, कोरलेली आहेत. १०८ पैकी ८१ झाली आणि पुढचे दगड तसेच कोरे राहिले. तिथे सर्वसामान्यांना सोडत नाहीत, त्यामुळे छायाचित्रांवरच भागवावं लागेल. ती घरूनच दाखवून न्या.

सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय चुकवू नका. तिथली मोडी कागदपत्रं आणि मराठी हस्तलिखितं हा मोठा ठेवा आहे. नाचासाठी मराठी निरूपणं, म्हणजे नाचातून सांगायच्या कथा, रचणारे सरफोजीराजे त्या ग्रंथालयाचे खरे पोशिंदे. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा जो क्रम तुमची मुलगी शिकते, तो या भावांनी बसवलेला आहे. आजही वर्गात त्यांच्या रचना शिकवतात. निघण्याआधी तिला गुरूंना विचारू दे, आपण बसवतोय तो वर्णम् कोणाचा.