50,000 व्ह्यूज की 20 गिऱ्हाइकं?

प्रिय,

तुझ्या ब्लॉगवर शाईच्या पेनांवर 41 लेख, महिन्याला साधारण 3,000 व्ह्यूज. एवढ्यावर जाहिराती लावल्या तर काय मिळेल, असं तू विचारलंस. आधी हिशेब मांडू.

अ‍ॅडसेन्समध्ये, म्हणजे साइटवर जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या सेवेत, ‘आरपीएम’ नावाचा आकडा दिसतो. दर हजार व्ह्यूजमागे किती कमाई झाली ते त्यावरून कळतं. विषय, वाचकाचा देश आणि वर्षातला काळ यांप्रमाणे तो हलतो. वर्षअखेरीला चढतो आणि जानेवारीत घसरतो. तो 2 डॉलर धरला, तर तुझे महिन्याचे 6 डॉलर होतात. डॉलरमधल्या खात्यात 100 जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, म्हणजे पहिली रक्कम सतराव्या महिन्यानंतर, 50,000 व्ह्यूज खर्ची घालून.

आता तेच 100 डॉलर दुसऱ्या वाटेनं मिळवून बघू. लेखात दुकानाची लिंक देऊन विक्रीवर कमिशन घ्यायचं, आणि 30 डॉलरच्या पेनावर ते 4 टक्के धरलं, तर तुझ्या लिंकवरून 84 पेनं विकली जायला हवीत. स्वतः तयार केलेली 5 डॉलरची वस्तू असेल तर 20 गिऱ्हाइकं पुरतात. पेमेंट कंपनी आपला वाटा कापते, म्हणून 22-23 धर. लहान रकमेवर हा वाटा जास्त बोचतो, कारण टक्केवारीशिवाय दर व्यवहारामागे ठरावीक रक्कमही बहुधा जाते. हे दर मी हिशेबापुरते घेतले आहेत, तुझे वेगळे निघतील. तिन्ही वाटांमधलं अंतर मात्र साधारण असंच राहतं.

म्हणून जाहिरात कुठे लावायची हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. वाचक तुझ्याकडे कोणतं काम घेऊन येतो, ते आधी शोध.

सर्च कन्सोल उघड, म्हणजे गूगलवर काय शोधून लोक तुझ्याकडे येतात ते दाखवणारं साधन. परफॉर्मन्स अहवालात शेवटचे तीन महिने निवड, ‘सरासरी स्थान’ चालू कर आणि लोकांनी टाइप केलेले शब्द इम्प्रेशन्सच्या (शोधात तुझं पान किती वेळा दिसलं त्याच्या) उतरत्या क्रमानं लाव. तिसऱ्या-चौथ्या स्थानावर असूनही क्लिक होत नसेल, तर बहुतेक वेळा शीर्षकात खोट असते. 8 ते 20 या स्थानांत अडकलेले शब्द जास्त मोलाचे. तिथे लेख चुकीचा नसतो, अपुरा असतो. नवीन दहा लेख लिहिण्यापेक्षा असे चार जुने लेख नीट पुरे केलेस तर फळ लवकर दिसतं.

तुझ्या विषयात तीन तऱ्हांचे वाचक येतात. एक अडलेला: ‘पेनातून शाई येत नाही’. दुसरा खरेदीच्या उंबरठ्यावर: ‘फाइन निब घ्यावं की मीडियम’. तिसरा निवांत, पेनांचा इतिहास वाचायला आलेला. तिसऱ्याचा जीव तुझ्या लिखाणात रमतो आणि ईमेल यादीत नाव घालणारा बहुधा तोच असतो. पैसा मात्र पहिल्या दोघांकडून येतो, म्हणून त्यांचे लेख आधी हातात घे.

अडलेल्या वाचकाला पहिल्या परिच्छेदातच उपाय सांग. कन्व्हर्टरनं, म्हणजे पेनात बसणाऱ्या शाई ओढायच्या नळीनं, साधं, गार पाणी ओढून सोडत राहायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. तरी शाई धरत नसेल तर पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाकायचा, आणि नंतर साध्या पाण्यानं तो पूर्ण काढून टाकायचा. गरम पाणी आणि अल्कोहोल नको, त्यांनी काही प्लास्टिक बिघडतं. मग कारणं: चकाकीच्या शाईतले कण फीडमध्ये (निबाखालच्या, शाई पुढे आणणाऱ्या भागात) बसतात, आणि आयर्न गॉल ही लोहाचे क्षार असलेली शाई पेनात वाळली की सहज निघत नाही. या वाचकाला नवीन पेन नको आहे. त्याच्या लेखात पेनांच्या पाच लिंका घातल्या तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. फीडमधून जोरात पाणी सोडायचा रबरी फुगा मात्र त्याला खरोखर हवा असतो. तिथे तेवढी एकच लिंक दे.

खरेदीच्या उंबरठ्यावरच्या वाचकाला तुलना हवी असते, स्तुती नको. जपानी फाइन निब युरोपीय फाइनपेक्षा सहसा बारीक लिहितं, हे एकाच कागदावर, एकाच शाईनं, शेजारी मोजपट्टी ठेवून दाखव. फोटो दर वेळी त्याच प्रकाशात घे आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (प्रकाशाप्रमाणे रंग जुळवणारी सोय) हातानं बांधून ठेव. नाहीतर तीच निळी शाई दोन लेखांत दोन रंगांची दिसेल आणि वाचकाचा विश्वास तिथेच उडेल. फोटो 1200 पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या फाइलच्या स्वरूपात असला की पुरे. कोडमध्ये त्याची रुंदी-उंची लिहून ठेव, म्हणजे पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही.

अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅफिलिएट, म्हणजे लिंकवरच्या कमिशनच्या, योजनेत शिरताना घाई नको. नाव नोंदवल्यापासून 180 दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत, तर खातं बंद होतं, आणि स्वतःच्या लिंकवरून केलेली खरेदी त्यात धरत नाहीत. म्हणून वर सांगितलेले लेख तयार झाल्यावरच नोंदणी कर. क्लिकनंतर कमिशन मिळायची मुदत साधारण 24 तासांची. त्या वेळात वाचकानं वस्तू कार्टमध्ये टाकली तरच ती लांबते. लेखात किंमत हातानं लिहू नकोस. ती रोज बदलते, आणि नियमातही बसत नाही. ‘या लिंकवरून खरेदी झाल्यास मला कमिशन मिळतं’ हे वाक्य पहिल्या लिंकच्या आधी हवं, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नव्हे. लिंकच्या कोडमध्ये ‘rel’ गुणधर्मात ‘sponsored’ लिही, म्हणजे ती पैशांची लिंक आहे हे गूगलला कळतं. गूगलनं तो 2019 मध्ये याचसाठी आणला.

आता ती 5 डॉलरची वस्तू. शाईच्या नमुन्यांची नोंदवही, छापून घ्यायच्या पीडीएफच्या रूपात, हा तुझ्यासाठी बरा प्रारंभ ठरेल. दोन मापांत दे: ए4 (210 × 297 मिमी) आणि लेटर (216 × 279 मिमी). अर्धं गिऱ्हाईक दुसऱ्याच मापाचा कागद वापरणारं असू शकतं. चारही बाजूंना 15 मिमी जागा मोकळी सोड, कारण घरचे प्रिंटर काठापर्यंत छापत नाहीत. पहिल्याच पानावर ‘100 टक्के मापात छापा’ असं ठळक लिही. साध्या 80 जीएसएम झेरॉक्स कागदावर शाई बरेचदा फुटते, हे विक्रीच्या पानावर आधीच सांगून टाक. ही एक ओळ राहिली की पैसे परत मागणारी पत्रं येऊ लागतात. दुसऱ्याची पेनं दुरुस्तीला मागवायचा मोह मात्र इतक्यात नको. टपालात पेन तुटलं तर भरपाई कोण देणार, याचं उत्तर लेखी तयार नसेल तर तो धंदा अंगाशी येतो.

ईमेल यादी आजपासूनच सुरू कर. स्वतःच्या डोमेनचा पत्ता घे आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही नोंदी घाल, पत्र खरोखर तुझ्याच डोमेनचं आहे हे त्यांवरून पटतं. त्या नसतील तर तुझी पत्रं थेट स्पॅममध्ये जाण्याची भीती असते. लेखाच्या शेवटी एकच फॉर्म ठेव. पान उघडताच तोंडावर येणारी खिडकी नको, अडलेला वाचक ती पाहूनच परत फिरतो.

थोडं नाव झालं की दोन प्रकारचे प्रस्ताव येतील. एक म्हणजे कर्ज किंवा जुगाराच्या साइटची लिंक लेखात घुसवण्याबद्दल पैसे. याला उत्तरसुद्धा देऊ नकोस. विकलेल्या लिंकांपायी गूगल साइटवर कारवाई करतं आणि कमावलेली स्थानं जातात. दुसरा प्रस्ताव फुकट पेनाचा. पेन घ्यायला हरकत नाही, पण तेही मानधनच आहे, तसं लेखात लिही. कंपनीला मसुदा फक्त तथ्यं तपासायला दाखवायचा, मत बदलायला नाही, हे आधी मेलवर ठरव. पैशांचं काम असेल तर तुझे तास, फोटो वापरायची मुदत आणि दुरुस्तीची एकच फेरी, हे तिन्ही दरात लिही. निम्मे पैसे आधी घे.

जाहिराती पुढे लावायच्याच झाल्या तर डोमेन स्वतःचं हवं, आणि गोपनीयता धोरण, ओळख व संपर्क ही पानं तयार हवीत. 10 डॉलर झाले की पत्ता तपासायला टपालानं पिन येतो. चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती दिसायच्या थांबतात, म्हणून पत्ता टपाल खरोखर पोचेल असाच दे. नावाचं स्पेलिंग बँकेतल्यासारखंच ठेव. स्वतः क्लिक करू नकोस आणि मित्रांनाही सांगू नकोस. ते पकडलं जातं आणि खातं जातं. ऑटो अ‍ॅड्समधल्या, म्हणजे गूगल आपोआप लावतं त्यांतल्या, पूर्ण पडदा झाकणाऱ्या आणि तळाला चिकटणाऱ्या जाहिराती बंद कर. युरोपातून वाचक येत असतील तर संमतीची खिडकी गूगलनं मान्य केलेल्या साधनाचीच लागते. कमाईची नोंद पहिल्या दिवसापासून ठेव, कराच्या वेळी शोधाशोध नको.

या आठवड्यात एकच काम कर. कोणत्या पेनात कोणता कन्व्हर्टर बसतो त्याचा तक्ता बनव. काही कंपन्यांचे कन्व्हर्टर फक्त त्यांच्याच पेनांत बसतात, काहींत स्टँडर्ड इंटरनॅशनल (अनेक कंपन्यांना चालणाऱ्या सामाईक मापाचा) चालतो, आणि नवखा खरेदीदार नेमका इथेच चुकतो. जे पेन स्वतः उघडून पाहिलं नाहीस त्याचा रकाना रिकामा सोड. अंदाजानं भरलास तर वस्तू परत जाईल आणि कमिशनही कापलं जाईल.