खोल समुद्राचं तापमान कोण मोजतं?

प्रश्न: समुद्राच्या आत, दोन किलोमीटर खाली पाणी किती गरम आहे हे शास्त्रज्ञांना कसं कळतं? दरवेळी जहाज घेऊन जातात का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: जहाजं जातातच, गोव्याच्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचीही जातात, पण जहाज किती ठिकाणी पोचणार आणि पावसाळ्यात खवळलेल्या अरबी समुद्रात काम करणं किती अवघड! म्हणून आता बरंचसं काम आर्गो फ्लोट करतात. माणसाच्या उंचीएवढी नळकांडी, इंजिन नाही, पंखा नाही, समुद्रात सोडली की प्रवाहाबरोबर १००० मीटर खोलीवर वाहत राहतात, साधारण दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारतात आणि वर येता येता तापमान, क्षारता, दाब मोजत येतात, मग सॅटेलाइटला आकडे पाठवून परत खाली.

वर कशी येतात हे मला फार आवडतं. आतलं तेल पंपाने बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलतात, वजन तेवढंच राहतं पण आकार वाढतो, की फ्लोट तरंगायला लागतो. तेल आत घेतलं की बुडतो. बस एवढंच!

जगभरात असे जवळपास ४००० फ्लोट आहेत. भारताचं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था बघते. आणि हा डेटा सगळ्यांना फुकट मिळतो, कॉलेजच्या पोरांनी तर नक्कीच उघडून बघावा.