पानं लावायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, इनडिझाइन की कोरल? दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की फोटो गायब, फॉन्ट गुलाबी. प्रेसवाले म्हणतात सगळं कर्व्ह करून ठेवा. फाइली नेमक्या कशा सांभाळायच्या?

"कर्व्ह करून ठेवा" वाचलं आणि राहवलं नाही. कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकलेली फाइल छपाईला धाडायची, जपून ठेवायची नव्हे. तेवढीच ठेवून मूळ फाइल उडवणाऱ्याच्या हाती पुस्तकाचं काम देऊच नये.

मी लातुरात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावायचं काम करतो. क्लासेसमुळं इथं नोट्स आणि प्रश्नसंचांचं काम बारमाही. आधी एका प्रेसमध्ये नोकरीला होतो. काम छापून झालं की मालक मूळ फाइली उडवायला लावायचे. "हार्डडिस्क कशाला भरलालास? कर्व्हची हाय की." दुसरी आवृत्ती निघाली तर, असं विचारलं की हसायचे. यावरून आमचं कैकदा वाजलं.

पुढं नोव्हेंबर 2023 मध्ये नीटचा अभ्यासक्रम कापला गेला. जीवशास्त्रातलं पचन आणि शोषण, खनिज पोषण अशी प्रकरणंच्या प्रकरणं गेली. एका क्लासचे सर त्याच प्रेसनं छापलेल्या मराठी प्रश्नसंचाची कोरल फाइल घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "फक्त गाळायचंय." फाइल उघडून 'पेशीभित्तिका' वर क्लिक केलं, तर शब्द कुठाय? नुसते नोड, म्हणजे आकाराच्या रेषेवरचे ठिपके. वेलांटीसुद्धा चित्र, प्रश्नाचा नंबरही चित्र. एक प्रश्न गाळला की पुढचे सगळे नंबर सरकतात, मागची उत्तरसूची सरकते. हे चित्रात कसं करणार? मालकांना फोन लावला. "कागद हाय ना? बगून टाइप कर." केलं टाइप, अख्खं पुस्तक. सरांना बिल पूर्ण लावलं आणि कारणही त्यावर लिहून दिलं. ते बिल मालकांपर्यंत पोचल्याचं कळलं, बरं वाटलं.

तर तुमचं. पुस्तकाला इनडिझाइन. इनडिझाइनमध्ये फोटो फाइलच्या आत नसतो, नुसता त्याचा पत्ता असतो. व्हॉट्सॲपवरून उतरवलेला फोटो डाउनलोडमधूनच प्लेस केला, म्हणजे पानावर घेतला, की पुढं लिंक तुटणारच. फॉन्टचंही तसंच, समोरच्या कॉम्प्युटरवर नसला की मजकूर गुलाबी दिसतो. फोटो आधी कामाच्या फोल्डरात टाका, मग प्लेस करा. काम संपलं की फाइल मेनूतून 'पॅकेज' मारा. फॉन्ट आणि चित्रं फाइलसोबत गोळा होतात. समोरच्याकडं इनडिझाइनची जुनी आवृत्ती असेल तर आयडीएमएलही द्या, ती फाइल जुन्यातही उघडते. कोरलमध्ये याच कामाला 'कलेक्ट फॉर आउटपुट' आहे, पण ते वापरताना मी फारसं कुणाला पाहिलं नाही. प्रेसला पीडीएफ द्या. "कोरलचीच फाइल पाहिजे" म्हणाले तर कर्व्ह करण्याआधी 'सेव्ह ॲज' करून नवं नाव द्या, म्हणजे मूळ शाबूत राहते.

मजकूर युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहतं, आणि इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर ही देवनागरी जुळवणारी सोय चालू करा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते. जुन्या फॉन्टमधला मजकूर उचलून दुसरीकडं टाकला की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, हे भोगलंच असेल.

लग्नपत्रिका, फ्लेक्स, एकपानी पत्रक असेल तर मात्र कोरलच बरं, तिथं इनडिझाइन कशाला? आणि पॅकेजवरही डोळे झाकून विसंबू नका: ॲडोबीच्या क्लाउडवरून चालू केलेले फॉन्ट त्यात येत नाहीत.