पुण्यात आमच्या वस्तीत पावसाळ्यात पाणी शिरतं. आम्ही रहिवाशांनी स्वतः काय तयारी करावी?

तुमच्याकडे शिरणारं पाणी ओढ्याचं की धरणाचं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाकी सगळं त्यावर ठरतं.

धरणाचं पाणी निदान सांगून येतं. खडकवासला धरण जेमतेम दोन टीएमसीचं, म्हणजे दोन अब्ज घनफुटांचं. वर पाऊस लागून राहिला की ते हां हां म्हणता भरतं आणि मुठेत पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. जुलै २०२४ मध्ये रातोरात विसर्ग ३५,००० क्युसेक्सपर्यंत नेला होता, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर. सकाळी एकतानगरीत होड्या फिरत होत्या. नदीकाठी राहत असाल तर विसर्गाचा आकडा रात्री झोपण्याआधी बघायची सवय लावा, आणि किती क्युसेक्सला पाणी तुमच्या पार्किंगमध्ये येतं ते एकदा लिहून ठेवा. नदीपात्रातला सखल भिडे पूल बुडाला का, एवढ्यावर अंदाज बांधायचे दिवस गेले.

आम्ही ओढ्याकाठचे. ओढा सांगत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडे पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा पात्र सोडून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीत घुसला. भिंत पडून माणसं गेली. त्या रात्री आमच्या फोनवर सूचना आली तेव्हा आम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतो. म्हणून आता वरच्या अंगाला राहणाऱ्या दोन-तीन ओळखीच्यांना सांगून ठेवलंय : ओढ्याचं पाणी गढूळ होऊन पुलाच्या कमानीला टेकलं की फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. त्यातला एक चहाची टपरीवाला आहे. त्याच्याइतकं लक्ष कोणाचंच नसतं!

नवीन समिती वगैरे काढू नका. गणपती मंडळ आहे ना? आमच्या वर्गणीच्या वहीत प्रत्येक खोली होतीच, तिच्यापुढे फक्त लिहीत गेलो : कोण अंथरुणाला खिळलंय, कुठे तान्हं बाळ आहे, कोणाकडे रात्रपाळी म्हणून घरात नुसती पोरं असतात. एकेका घरामागे एकेका कार्यकर्त्याचं नाव. स्पीकर मंडळाचाच, पण वीज जाणार हे धरून दोन शिट्ट्या आणि एक ताशा. पहिल्या सरावाला ताशा वाजला तर लोक बाहेर येऊन विचारायला लागले, मिरवणूक कोणाची?

विजेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. २०२४ च्या त्याच पुरात पुलाची वाडी इथे शॉक लागून तिघे गेले. पाणी उंबऱ्याशी आलं की सामान उचलायच्या आधी मेन स्विच बंद, तोही कोरड्या जागेवर उभं राहून. मीटरच पाण्यात गेला असेल तर हात लावायचा नाही, महावितरणला वरूनच वीज तोडायला सांगायचं. कागदपत्रांची पिशवी, पाण्याची टाकी धुऊन घेणं, पंचनाम्यासाठी फोटो, हे तुम्हाला कोणीही सांगेल.

सगळ्यात जड जातं ते म्हाताऱ्या माणसांना उठवणं. आमच्या शेवटच्या खोलीतल्या आजी म्हणायच्या, "मी पानशेत बघितलंय, तुमच्या ओढ्याला काय घाबरू?" १९६१ च्या जुलैत धरण फुटलं तेव्हाही त्यांच्या या जागेपर्यंत पाणी आलं नव्हतं, असा त्यांचा दाखला. तो खरा असेलही, पण ते मुठेचं पाणी होतं. हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते सगळं एका संध्याकाळी एका टेकडीवर रिकामं झालं तर जुन्या खुणा कामाच्या राहत नाहीत. हे आजींना सांगून काही उपयोग झाला नाही. मग एका कार्यकर्त्याच्या लक्षात आलं की त्यांचा जीव पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत अडकलाय. आता दर मे महिन्याच्या शेवटी चार पोरं ती ट्रंक उचलून दुसऱ्या मजल्यावर काकूंकडे नेऊन ठेवतात, दिवाळीला परत आणतात. गेल्या वर्षी ताशा वाजला तेव्हा आजी आमच्याआधी जिन्यात होत्या, ट्रंकेचं कुलूप नीट आहे का बघायला.